वहिवाट आणि हक्क

कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडावी, ही रीत आपल्या पूर्वजांनी पैनगंगेच्या पलीकडून येताना बरोबर आणली. येथील तेलुगू शेजारीही याच महिन्यात वनभोजनाला निघतात, त्यामुळे उटनूरच्या मातीत ती रीत सहज रुजली. प्रथम पायी, मग बैलगाडीतून, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणि अलीकडे जीपगाड्यांतून आपली कुटुंबे रानातल्या एका ओढ्याकाठी जात राहिली. गेल्या कार्तिकात मात्र तीन गाड्या एका नाक्यावर थांबल्या आणि तेथूनच परतल्या. नाक्यावरचा तरुण रखवालदार उद्धट नव्हता. पुढे वाहनांना मनाई आहे, एवढेच त्याने सांगितले. आमच्यातील एक ऐंशी वर्षांचे आजोबा गाडीतून उतरून त्याला म्हणाले, ‘‘बाळा, तुझ्या जन्माच्या आधीपासून आम्ही इथं येतोय.’’ त्यावर तो काहीच बोलला नाही. पंगत अखेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर झाली. जेवण झाले, पण कोणी फारसे जेवले नाही.

त्यानंतरच्या मासिक बैठकीत काव्यवाचन बाजूला राहिले व हाच विषय निघाला. आपल्या मंडळाच्या वतीने एक निवेदन द्यावे, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट अशी एका फळीने तोडता येत नाही हे ठणकावून सांगावे, असे ठरले. आणि मसुदा करण्याचे काम आमच्याकडे आले. मसुदा लिहावयास बसलो तेव्हा पहिल्याच वाक्याशी लेखणी अडली. ‘आमचा हक्क’ असे लिहिले आणि खोडले. का खोडले, याचा खुलासा करणे हे सभासदांचे देणे आहे, म्हणून हा लेख.

आरंभीच एक स्पष्ट करतो. गाडी अडल्याचा राग आम्ही क्षुल्लक मानीत नाही. पोटाचा प्रश्न नसलेल्या गोष्टीसाठी माणसे एवढी का चिडतात, असे म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्या ओढ्यावर आजीने मुलाला पोहायला शिकविले, ज्या दगडावर बसून वडील तंबाखू मळीत, ती जागा म्हणजे घराण्याच्या स्मृतीचा एक भाग असतो. सातबारावर किंवा पहाणीपत्रकात तिची नोंद नसते. अशी जागा बंद झाली म्हणजे माणसाचे नुकसान होते, पण त्या नुकसानाला कोणत्याच कचेरीत नाव नसते. शिवाय त्या रागात आणखी एक काटा आहे. कालपर्यंत आपण जिथले होतो, तिथे आपण परके आहोत, असे आपल्याला सांगितले जाते. ज्या घराण्यांना तेलंगणात ‘महाराष्ट्रातले’ आणि महाराष्ट्रात ‘आंध्रातले’ म्हणून ओळखले गेले, त्यांना हा काटा अधिक सलतो.

हे दुःख आपले एकट्याचे नाही. अमेरिकेत १८७२ मध्ये स्थापन झालेले यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील हिवाळ्यात बर्फावरून धावणाऱ्या छोट्या मोटारी १९६३ पासून उद्यानात येऊ लागल्या. पुढे त्यांची संख्या इतकी वाढली की धुरामुळे प्रवेशद्वारावरच्या नोकरांना तोंडावर श्वसनाचे मुखवटे चढवावे लागले. २००१ च्या जानेवारीत या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम झाला. नव्या सरकारने तो फिरविला. मग एका न्यायालयाचा निकाल एका बाजूने तर दुसऱ्याचा दुसऱ्या बाजूने, असे दशकभर चालले. अखेर २०१३ च्या नियमाने गाड्यांच्या तुकड्यांची रोजची संख्या ठरवून दिली आणि यंत्राच्या आवाजावर व धुरावर मर्यादा घातली. या साऱ्या काळात त्या हिमगाडीवाल्यांचे म्हणणे आपल्या आजोबांसारखेच होते: ही जमीन जनतेची आहे, आम्ही जनता आहोत, आमच्या बापापासून आम्ही येथे येतो, मग आम्हाला अडविणारे तुम्ही कोण?

आपल्याही बाजूला असे घडले आहे. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम बंदी घातली आणि ताडोब्याच्या दारापासून राजस्थानापर्यंत एकच आरडाओरड झाली. १६ ऑक्टोबरला ती बंदी उठली, पण नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. गाभ्याच्या फार तर वीस टक्के भागातच पर्यटन असावे, असे त्यांत ठरले. चंद्रपूरच्या ज्या जुन्या मंडळींनी तरुणपणी मनात येईल तेव्हा ताडोब्याची वाट धरली, त्यांना आता आगाऊ नोंदणी करून ठरलेल्या जिप्सीत बसावे लागते. आपल्याकडील कव्वालचे अभयारण्य १९६५ चे. २०१२ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. म्हणजे आपल्या नाक्यावरची फळी एका रात्रीत उगवलेली नाही.

आता ‘वहिवाट’ या शब्दाकडे वळू. मराठी गावगाड्यात हा शब्द मोठ्या वजनाचा आहे. शेताला जाणारी वाट, विहिरीचे पाणी, देवाच्या पालखीचा रस्ता यांचे तंटे वहिवाटीवर तुटत. कायद्यानेही तिला मान दिला आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरून वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काच्या भावनेने ये-जा केली तर सुविधाधिकार उत्पन्न होतो; जमीन सरकारची असेल तर ही मुदत तीस वर्षांची धरली आहे. आपले आजोबा नाक्यावर जे बोलले त्याच्या मागे हीच समजूत होती. परंतु त्याच कायद्यात एक अट आहे, जी आपण सोयीने विसरतो. असा अधिकार आपल्या स्वतःच्या कोणत्या तरी जमिनीच्या उपभोगासाठी असावा लागतो. शेत आहे म्हणून शेताची वाट. आपल्या आवळीभोजनाला असे शेत नाही.

कायदा बाजूला ठेवू. आपला प्रश्न नीतीचा आहे. दीर्घकाळ उपभोगल्याने एखादी गोष्ट आपली होते काय? होत असेल, तर कोणत्या कारणाने? आमच्या मते वहिवाटीचे नैतिक बळ केवळ वर्षांच्या संख्येत नाही. ते दोन गोष्टींवर उभे असते. एक, आपल्या उपभोगाने इतरांचा उपभोग संपला नाही, म्हणून इतरांनी तो मुकाट्याने मान्य केला. दोन, त्या उपभोगाभोवती माणसाने आपले जीवन बांधले, म्हणून तो काढून घेतल्यास अन्याय होईल. ही दोन्ही कारणे तपासली की उटनूरच्या संदर्भात अवघड प्रश्न समोर उभे राहतात.

आपल्या आधी या रानात गोंड, कोलाम, परधान, नायकपोड होते. निजामाच्या अमदानीत राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, तेव्हा त्यांची पोडूची शेती, गुरचराई, मोह व डिंक गोळा करणे हे सर्व गुन्हा ठरले. चराईकर व दंड यांनी गांजलेल्या लोकांच्या बाजूने कुमरम भीम उभा राहिला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे गोळीला बळी पडला. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास येथे पाठविले. मारलवाई येथे राहून त्याने जे पाहिले व लिहिले, त्यात राखीव जंगलाच्या जाचाबरोबर आणखी एक गोष्ट आहे: बाहेरून आलेले शेतकरी, सावकार आणि पट्टेदार यांच्याकडे आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या, ही. त्या बाहेरून आलेल्यांत आपली घराणी होती. सर्वांनी फसवणूक केली असे नाही. कित्येकांनी माळ फोडून, हिवतापात माणसे गमावून शेती उभी केली. पण ज्या वाटेने आपण रानात गेलो, ती मोकळी होण्यासाठी तिच्यावरून कोणी तरी बाजूला सरले होते, हे नाकारता येत नाही. १९५९ चा आणि पुढे १९७० चा जमीन हस्तांतरणाचा कायदा, ज्याला आपण सारे नुसते ‘एक सत्तर’ म्हणतो व ज्याच्याविषयी आपल्या घराघरांत तक्रारीचा सूर लागतो, तो या इतिहासातूनच आला.

म्हणजे वहिवाटीच्या बळावर बोलावयाचे ठरविले, तर आपल्यापेक्षा जुनी वहिवाट असणारे लोक शेजारीच उभे आहेत. यलोस्टोनचीही हीच कथा. हिमगाडीवाले चाळीस वर्षांच्या वहिवाटीविषयी बोलत होते. त्या पठारावर शोशोनी लोकांच्या टोळ्या कित्येक शतके वावरत होत्या, आणि उद्यान झाल्यावर त्यांना तेथून हलविण्यात आले. दोन्ही ठिकाणी उशिरा आलेल्याचा आवाज मोठा आणि आधीच्याचा लहान.

मसुदा अर्धवट असताना केसलापूरच्या जत्रेत आम्हाला एक वृद्ध परधान गृहस्थ भेटले. परधानांची घरची बोली मराठी, त्यामुळे गप्पांना वेळ लागला नाही. आम्ही नाक्याची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘तुम्ही रानात जेवायला जाता, पाटील. आम्ही जेवण आणायला जातो.’’ टोमणा मारण्याचा त्यांचा हेतू दिसला नाही. मग त्यांनी आपल्या वडिलांना लाकडाच्या एका मोळीसाठी भरावा लागलेला दंड सांगितला आणि चहा मागविला.

त्या एका वाक्याने आमच्या मनात एक क्रम लागला. रानाशी माणसाचे नाते अन्नाचे असते, श्रद्धेचे असते आणि आनंदाचेही असते. तिन्ही खरी आहेत, पण तिन्हींचा अधिकार सारखा नाही. मोहाची फुले वेचणाऱ्या कोलाम बाईला अडविले तर त्या घरची चूल अडते. मेस्राम कुळाचे लोक नागोबाच्या पूजेसाठी गोदावरीचे पाणी आणावयास अनवाणी चालत हस्तिनामडुगूपर्यंत जातात. त्यांना अडविले तर पुष्य अमावास्येची पूजाच अडेल. आपल्याला अडविले तर आपली एक दुपार अडते. ती दुपार मोलाची आहे. परंतु चूल आणि पूजा यांच्या आधी तिची दाद मागणे शोभत नाही.

यावर बैठकीत घेतलेले दोन आक्षेप खरोखर वजनदार आहेत, आणि त्यांना उत्तर दिल्याखेरीज पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा: आदिवासींचा हक्क थोर, मान्य, पण नाका त्यांना तरी कोठे सोडतो? आत जातो तो शहरातून आलेला, सफारीचे तिकीट काढणारा. पैसा असणाऱ्याला रान खुले आणि आठवण असणाऱ्याला बंद, हा कोणता न्याय? हा आक्षेप आम्हाला पटतो. १९९६ च्या कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नदी, वन यांसारख्या संपत्तीचे सरकार हे मालक नव्हे, विश्वस्त आहे. ती खाजगी फायद्यासाठी देता येत नाही. विश्वस्ताने दार लावले तर ते सर्वांना सारखे लावले पाहिजे, आणि का लावले हे सांगितले पाहिजे. आपल्या महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, ते डोंगर, दऱ्या, गायराने गिळून गरिबाच्या गुराला चरावयास जागा न ठेवणाऱ्या खात्यावर. सरकारने रान राखले म्हणजे ते आपोआप लोकांचे झाले, असे समजण्याइतके आपण भाबडे असू नये. २०२५ च्या मे महिन्यात आसिफाबादच्या बाजूला वाघांच्या जाण्या-येण्याच्या पट्ट्यासाठी जे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, त्याला नाव दिले कुमरम भीमचे. आणि त्याच्याच लोकांनी विरोध केल्यावर जुलैमध्ये तो आदेश स्थगित ठेवावा लागला. जल, जंगल, जमीन यांसाठी मेलेल्या माणसाचे नाव दारावर कोरून दार त्याच्या नातवंडांना लावणे, यातील विसंगती कोणाला तरी आधीच दिसावयास हवी होती.

तेव्हा विश्वस्ताला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण ‘आम्हाला जाब द्या’ आणि ‘आम्हाला आत सोडा’ या दोन निरनिराळ्या मागण्या आहेत. पहिली नागरिकाची आहे, दुसरी भागीदाराची. पहिली आपण निःसंकोच करावी. दुसरीसाठी भागीदारी सिद्ध करावी लागेल.

दुसरा आक्षेप आमच्या एका वहिनींचा. त्या म्हणाल्या, ‘‘वाघासाठी रान राखायचं, तर राखू दे. पण वर्षातून एका दुपारी तीन गाड्या गेल्यानं वाघाचं काय बिघडतं?’’ याचे उत्तर सोपे नाही. खरोखरच तीन गाड्यांनी काही बिघडत नाही. परंतु उटनूरच्या तीन, तर जन्नारमच्या पाच, आदिलाबादच्या वीस आणि हैदराबादच्या दोनशे. प्रत्येकाचे म्हणणे एकच की आमच्यामुळे काय होते. सार्वजनिक गोष्टीचा ऱ्हास दुष्टांच्या हातून क्वचित होतो. पुष्कळदा तो ‘माझ्या एकट्याने काय होणार’ असे खरे बोलणाऱ्यांच्या हातून होतो. २०२४ च्या हिवाळ्यात किनवटच्या बाजूने आलेला एक वाघ जोडीदारीण शोधीत निर्मल-आदिलाबादच्या रानांतून आठवडेच्या आठवडे हिंडला, हे आपण सर्वांनी वाचले. तो महामार्ग ओलांडून आला. आपले पूर्वज ज्या दिशेने आले त्याच दिशेने, तशाच आशेने तो आला. त्याला थांबावयास निवांत जागा मिळावी म्हणून कोणी तरी आपली दुपार सोडली पाहिजे. २०२४ मध्येच कव्वालच्या गाभ्यातील रामपूर आणि मैसमपेट ही दोन गावे उठून कडमजवळ नव्या वसाहतीत गेली. ज्यांनी घरे सोडली त्यांच्या पुढे आपल्या दुपारीचा हिशेब मांडताना आवाज थोडा खाली येतो.

आणि वहिवाटीचा विचार करता करता आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नाक्यावर अडले काय? आपण की आपली गाडी? आजोबांच्या वडिलांची वहिवाट पायांची होती. शिदोरी डोक्यावर, पोरे खांद्यावर, आणि सूर्य कलण्याआधी परत. पायांनी कमावलेला हक्क चाकांना वारशाने मिळतो, असे आपण गृहीत धरले. यलोस्टोनमध्येही चालत किंवा पायाला फळ्या बांधून घसरत जाणाऱ्याला कोणी बंदी केली नव्हती. वाद होता तो यंत्राचा. गाडीने आपण लांब जाऊ लागलो, अधिक माणसे नेऊ लागलो, ध्वनिवर्धक आणि पत्रावळींऐवजी थर्माकोलच्या थाळ्या नेऊ लागलो. दर वर्षी तीच रीत पाळतो असे आपण म्हणत होतो, पण रीत बदलली होती. १९५१ मध्ये विनोबा पवनारहून शिवरामपल्लीच्या संमेलनास निघाले ते पायी, आणि त्याच तेलंगण यात्रेत पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला. जमीन ही हवापाण्यासारखी सर्वांची, असे ते मानीत. जो हवापाण्यासारखी वापरतो, त्याने ती हवापाण्यासारखीच, इतरांस उरेल अशी वापरावी, हे त्यात आलेच.

मात्र येथे एक उरतेच, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. ऐंशी वर्षांचे आजोबा आता चालत त्या ओढ्यापर्यंत जाऊ शकत नाहीत. आमचा सारा युक्तिवाद खरा मानला तरी ते तो ओढा पुन्हा पाहणार नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. आम्ही त्यांना हे सर्व समजावून सांगितले. ते म्हणाले, ‘‘तुमचं बरोबर असेल. पण मला बरं वाटलं नाही.’’ न्याय्य गोष्टीचेही कोणाला तरी दुःख होते, आणि ते न्याय्य आहे म्हणून कमी होत नाही. ते दुःख त्यांच्यापाशी बसून ऐकून घेणे, एवढेच आपल्या हाती आहे.

अखेरीस मसुदा लिहिला. त्यात प्रथम मागणी केली आहे ती २००६ च्या वनहक्क कायद्याखालील प्रलंबित दाव्यांच्या निकालाची. त्यात आदिवासींचे सामुदायिक हक्क पहिले. त्यानंतर आपल्यासारख्या इतर पारंपरिक वननिवासींचे, ज्यांच्याकडे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागितला जातो. २०२३ मध्ये पोडूचे पट्टे वाटले गेले तेव्हा बिगर-आदिवासींचा प्रश्न मागेच राहिला, ही गोष्टही नमूद केली आहे. पण क्रम बदललेला नाही. दुसरी मागणी, नाक्यावरचे नियम मराठी, तेलुगू व गोंडीत लिहून लावावेत आणि ते तिकीटवाल्यासही तेवढेच लागू असावेत. तिसरी विनंती आहे, मागणी नव्हे: गाभ्याबाहेरील एखाद्या जागी वर्षातून एक दिवस पायी जाऊन आवळीभोजन करण्यास परवानगी मिळावी, आणि केसलापूरच्या पंचांची हरकत असल्यास ती नाकारावी.

‘आमचा हक्क’ हे शब्द त्यात नाहीत. काही सभासदांनी त्यामुळे सही केलेली नाही. मसुदा मंडळाच्या कपाटात ठेवला आहे. ज्यांना तो वाचून सही करावयाची असेल, किंवा सही का करीत नाही हे लिहून ठेवावयाचे असेल, त्यांनी पौष संपण्यापूर्वी यावे. दोन्ही कागद बरोबरच पाठवू.